फसली

अंबडच्या तहसीलीत, रेकॉर्ड रूमच्या मागं,
एक सर्व्हर आहे. पंखा दळण दळल्यासारखा वाजतो.
त्याच्यावरची पीएचपी माझ्या आधीच्याच्या आधीच्यानं बसवली,
तो आता दुबईत आहे की वाळूजला, कुणालाच नक्की माहीत नाही.
साहेब म्हणाले, हिला हात लावायचा नाही.
सातबारा हिच्यावर चालतो, उत्पन्नाचे दाखले हिच्यावर,
अर्धा तालुका हिच्यावर.
फक्त हिला फसली सन शिकवा.

म्हणजे निजामाच्या वेळची जन्ममृत्यूची रजिस्टरं.
आजूर, दय, बहमन, इस्फंदार:
लांबच्या नात्यातल्या बाया लग्नात ओळख न देता बसाव्यात
तसे महिने.
काझी नजमोद्दीन, निवृत्त अव्वल कारकून,
लाकडी पट्टी ओळीखाली धरून वाचतात,
मी टिपून घेते.
"बहमनपर्यंत पाचशे नव्वद मिळव, बेटा.
इस्फंदारपासून एक्क्याण्णव."
एवढंच व्याकरण.
बाकीचं मी सीमध्ये लिहिलं, दोनशे बारा ओळी.

माझे वडील मोसंबीचे डोळे भरायचे.
जंबेरीचा खुंट, सालीत चीर,
आत डोळा, वर पट्टी.
दिवसाला सहाशे, आणि तोंडातून शब्द नाही.
एकदाच म्हणाले,
डोळा चांगला असून काय, आधी खुंटाला विचारावं लागतं.

मी विचारलं नाही.
कॉन्फिगर निमूट चाललं,
हे आहे का, होय, ते आहे का, होय,
सोयरीक जमवायला आल्यासारखं.
मग मेक. तिसऱ्याच ओळीवर अडलं:
हेडर फाइल नाही.
सर्व्हरला इंटरनेट द्यायची मनाई.
जालन्याहून पेनड्राइव्ह आला,
एसटीच्या कंडक्टरच्या खिशातून, वीस रुपये देऊन.
लाइट गेली. आली.
पुन्हा मेक. इशारे सतरा, चूक एकही नाही.
डॉट एसओ फाइल तयार.
आयएनआयमध्ये एक ओळ घातली, सर्व्हर बंद केला, चालू केला,
आणि फसली.

मॉड्यूल एका पीएचपीसाठी बांधलेलं, घरात दुसरीच.
शोधलं तर खरंच दोन निघाल्या.
एक चालणारी,
एक कुणीतरी बसवून विसरून गेलेली,
आणि मी विसरलेलीच्या मापाचं झबलं शिवलेलं.

मेक क्लीन. सगळं पुसलं.
या वेळी चालणारीला आधी विचारलं,
तुझी आवृत्ती कोणती, तुझ्या वाटा कुठल्या.
तिनं चार ओळींत सांगितलं.
रात्री पावणेनऊला,
शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा असताना,
सर्व्हर मुकाट्यानं उठला.

"चाचा, एक तारीख सांगा."
त्यांनी रजिस्टर उघडलं नाही.
"सतरा आबान, तेराशे एक्कावन्न."
स्क्रीनवर आलं:
बावीस सप्टेंबर एकोणीसशे बेचाळीस.
काझींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
शाळेच्या मास्तरनं त्यांना एक जून लावला होता,
वर्गातल्या चौतीस पोरांना एकदमच.
त्याच तारखेनं नोकरी लागली,
त्याच तारखेनं हार घालून घरी पाठवलं.
"म्हणजे," ते बोटांवर मोजत म्हणाले,
"चार पगार राहिले माझे सरकारकडं."
शिपाई हसला. मीही हसले.
ते हसले नाहीत.
"प्रिंट काढ."
प्रिंटरला शाई नव्हती.
मी जुन्या नोटिशीच्या पाठीवर तारीख लिहून दिली,
त्यांनी घडी करून टोपीत ठेवली.

सकाळी साहेबांनी विचारलं, जुनं काही बिघडलं का?
म्हटलं, नाही.
खिडकीशी काझी उभे, हातात अर्ज,
कोर्ट फी तिकीट लावलेलं,
विषय: चार महिन्यांचे वेतन मिळणेबाबत.
सोबत जोडपत्र एक: माझ्या अक्षरातली एक ओळ.
बारनिशीनं शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला.
मागं पंखा दळत होता.